उलटा फर्मा

माझ्या ताईला कोणी 'त्यागमूर्ती' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मूर्ती एका जागी बसते आणि काही करत नाही. ताई गेली पंचेचाळीस वर्षं पुस्तकं बांधते आहे, गेल्या वर्षापर्यंत दिवसाचे दहा तास पायांवर उभी असायची, आणि कोणी फार कौतुकाने तिच्यासमोर हात जोडले तर त्या जोडलेल्या हातांत कागदाचा गठ्ठा देऊन 'तिकडे ठेवा' म्हणून मोकळी होते. तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या कामासकट लिहायला हवं. त्यात माझी थोडी शोभा होणार आहे, पण मी आता सत्तरीला टेकलोय, मला काय त्याचं.

मी तिचा धाकटा भाऊ. बत्तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र जास्त. घरात दोघांपैकी शिकलेला मी आणि शहाणी ती, हे आमचे वडील नेहमी सांगायचे. मला तो विनोद वाटायचा.

ताईचं दुकान म्हणजे एक लांबलचक खोली. दोन खिडक्या, कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र, भिंतीशी पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचा आंबूस वास, आणि मधोमध एक टेबल, जे दारातून आत आलंच कसं हे कोडं आजतागायत कोणाला सुटलेलं नाही. छापखान्यातून मोठाले छापील कागद येतात. एका कागदाला तीन घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. पुस्तकात असे दहा-पंधरा फर्मे. टेबलाभोवती त्यांच्या राशी क्रमाने मांडायच्या, प्रत्येक राशीतला एकेक उचलत फेरी मारायची, फेरी पुरी झाली की हातात अख्खं पुस्तक. याला जुळवणी म्हणतात. मग शिलाई, खळ, पुठ्ठा, कापड.

आता गंमत ऐका. घडी घातलेल्या फर्म्याचं पहिलं आणि शेवटचं पान तेवढं बाहेर दिसतं, बाकीची चौदा आत मिटलेली; आणि रास मांडली की शेवटचंही खाली जातं. ताईला वाचायचा नाद दांडगा, पण सवड नाही. म्हणून तिने शेकडो पुस्तकांची पहिली, सतरावी, तेहतिसावी, एकोणपन्नासावी अशी पानं वाचलीत. इतिहास, शेतीशास्त्र, कविता, पोटाचे विकार, सगळं सोळा-सोळा पानांच्या उड्या मारत. मधलं ती स्वतः जुळवते. 'सतराव्या पानावर तो तिच्यावर रुसला होता, तेहतिसाव्यावर दोघांचं लग्न झालंय. मध्ये काय झालं असेल ते मला ठाऊक आहे, संसार मीही केलाय,' असं म्हणायची. मी तिला चिडवून 'सतराव्या पानाची पंडिता' म्हणायचो. तिला ते आवडायचं.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, लवकर गेले. दुकान त्यांचं होतं. मागे राहिली ताई, दुकानातले खळकाका (त्यांच्या हातची खळ कधी गुठळी धरत नसे, आणि जीभ कधी गप्प बसत नसे), आणि सात वर्षांची भाची. डॉक्टरांनी ती वर्षाची असतानाच सांगितलं होतं की हिच्या बुद्धीची वाढ होणार नाही, फार अपेक्षा ठेवू नका. तेव्हाच ताईने 'बरं' म्हटलं आणि मुलीला खाकोटीला मारून दुकानात आली. मुलगी दिवसभर त्या टेबलाभोवती गोल गोल फिरायची. तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. तिचं कागदावरचं नाव आता तिलाही कळणार नाही आणि मलाही पटकन आठवणार नाही.

भिंगरीला नऊ शब्द येतात. आई, पाणी, चल, गरम, बस, आपलं, गेली, मा, आणि 'ठक'. मा म्हणजे मी, मामातला अर्धा. ठक म्हणजे कागदाचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या करायच्या त्याचा आवाज, आणि तिचं काही मनासारखं झालं की त्याचंही तेच नाव. 'नको' हा शब्द तिच्याकडे नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यावर आहे.

भाऊजी गेल्यावर ताईने तिला शिकवायचा चंग बांधला तेव्हा लोक म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी. मीही मनातल्या मनात म्हणालो, फक्त शिकलेला असल्यामुळे तोंडाने म्हणालो नाही. बारा वर्षं भिंगरी टेबलाभोवती नुसती फिरली. आणि एकोणिसाव्या वर्षी एके सकाळी फिरता फिरता तिने पहिल्या राशीतला एक फर्मा उचलला. मग दुसऱ्या राशीतला. फेरी पुरी करून ताईपुढे उभी राहिली, गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हणाली, 'ठक.' ताईने गठ्ठा चाळला. एकही फर्मा मागेपुढे नव्हता. त्या दिवशी खळकाका चक्क तीन मिनिटं गप्प होते.

तेव्हापासून जुळवणी भिंगरीची. माणसं दोनशे फेऱ्यांनंतर कंटाळतात, दोन फर्मे एकदम उचलतात, एखादा गाळतात. भिंगरी कंटाळत नाही. फक्त एक व्हायचं. अधूनमधून एखाद्या गठ्ठ्यात एक फर्मा उलटा निघायचा, डोकं खाली पाय वर. खळकाका म्हणाले, 'शेवटी डोकंच कमी, चालायचंच.' ताईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते खळ ढवळायला निघून गेले.

मग ताईने काय केलं? पंधरा दिवस तिला काहीही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. फर्मा उलटा कधी येतो, तेव्हा काय चाललेलं असतं. दुपारी ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं की उलटा. खळकाकांनी रेडिओ मोठा केला की उलटा. ताई सामान आणायला बाहेर गेली की हमखास उलटा. सोळाव्या दिवशी ताईने खिडकीला जाड कागद लावला, रेडिओ दुसऱ्या टोकाला हलवला, आणि बाहेर जाताना भिंगरीचा हात धरून 'जाऊन येते' असं सांगून जायला लागली. उलटे फर्मे जवळपास थांबले.

'ती चूक नव्हतीच,' ताई मला म्हणाली. 'ती नको म्हणत होती. उलटा फर्मा म्हणजे नको. काय नको ते शोधणं आपलं काम.'

मी म्हणालो, 'ताई, हा तुझा तर्क आहे. हा पुरावा नव्हे.'

'नसू दे,' ती म्हणाली. 'ऊन तर लागायचं थांबलं?'

आता माझ्या पुस्तकाकडे येतो. पन्नाशीच्या आत-बाहेर मी एक ग्रंथ लिहिला. माणूस कोणाला म्हणावं, असा विषय. माझं उत्तर सुटसुटीत होतं: ज्याला आपल्या निर्णयांची कारणं देता येतात तो. त्याभोवती मी साडेतीनशे पानांची तटबंदी उभारली होती. ग्रंथ बांधायला अर्थातच ताईकडे. प्रकाशनाचा दिवस ठरलेला, पाहुणे ठरलेले, आणि फर्मे दोन दिवस आधी आले. मी हातात घड्याळ घेऊन टेबलापाशी उभा. 'उरका, उरका! भिंगरी, भरभर! ताई, तू प्रत्येक गठ्ठा काय चाळत बसलीस?' ताई शिलाईआधी प्रत्येक गठ्ठा चाळायची. त्या दिवशी मी तिला चाळू दिलं नाही.

प्रकाशनाच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी ग्रंथ उघडला, पुस्तक फिरवलं, पुन्हा फिरवलं. साठ प्रतींत एक फर्मा उलटा होता. तुम्हाला वाटेल माणसाची व्याख्या होती तोच फर्मा उलटा आला. तसं व्हायला मी कादंबरी लिहीत नाहीये. शेवटची शब्दसूची उलटी होती. पण मी असा संतापलो की तडक दुकानात जाऊन तोंडाला येईल ते बोललो. भिंगरीला 'बिनडोक' म्हणालो. तिच्यासमोर.

ताईने मला बसायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, 'तेहतिसाव्या पानावर लिहिलंयस, कारणं देतो तो माणूस. हे कोणाबद्दल?'

'सर्वसाधारण माणसाबद्दल.'

'मग भिंगरी कुठल्या पानावर आहे?'

मी हातातली प्रत चाळायला लागलो.

'चौतिसाव्यावर असेल,' ताई म्हणाली. 'ते मला दिसत नाही. ते घडीच्या आत जातं.'

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की एवढा शिकलेला भाऊ आपल्या भाचीला विसरून पुस्तक लिहिणार नाही. भिंगरी चौतिसाव्या पानावर नव्हती. साडेतीनशे पानांत कुठेही नव्हती. मी मान खाली घालून बाहेर आलो, आणि लाज वाटली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी पुन्हा ग्रंथ लिहिला नाही. लोक समजतात मला वेळ झाला नाही.

पुढे वर्षं गेली. खळकाका गेले. माझी बायको गेली, मुलगा परदेशी स्थायिक झाला, आणि मी दुपारचं जेवायला ताईकडे जाऊ लागलो. टेबलाच्या टोकाला डबा उघडायचा. भिंगरी माझ्यासमोर बसते आणि माझं ताट रिकामं होईपर्यंत उठत नाही. बायको गेल्यावर मी दोन घास खाऊन उठायचो, तर ती ताटाकडे बोट दाखवायची, 'आपलं.' मी पुन्हा बसायचो.

गेल्या वर्षी ताईच्या उजव्या मनगटाने संप पुकारला. सुई धरता येईना, शिकंज्याचं चाक फिरवता येईना. वय चौऱ्याहत्तर. भिंगरी आता पंचेचाळीसची. भिंगरी सुया ओवून रांगेत ठेवू लागली, चाकाला लोंबकळून शिकंजा आवळू लागली. दुकान चालत होतं. पण मला झोप लागेना. ताईनंतर काय? ताईनंतर मी. आणि मला, खरं सांगतो, भीती वाटली. मला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मी पंचेचाळीस वर्षांच्या भिंगरीला कसा सांभाळणार?

मग मी एक उद्योग केला. ताईला न विचारता एका निवासी संस्थेत अर्ज टाकला. संस्था चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. मोकळी बाग, स्वच्छ खोल्या, हसतमुख माणसं. सहा महिन्यांनी जागा झाल्याचं पत्र आलं. पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं आणि ताईने फोडलं. अर्जात पत्ता मीच चुकून दुकानाचा दिला होता. तर्कशास्त्राचा प्राध्यापक!

मला वाटलं ताई फाडून खाईल. तिने पत्र दोनदा वाचलं, अख्खं, मधल्या ओळींसकट. मग विचारलं, 'तिला विचारलंस?'

'तिला काय विचारणार, ताई? ती बोलते कुठे?'

'तिला विचारलंस?' पुन्हा तेच.

'तुझ्या हाताकडे बघ जरा! तुला काही झालं तर...'

'माझ्या हाताचं मला ठाऊक आहे. तुझं म्हणणं खोटं नाही. पण जागा तिची बदलणार, तर विचारायचं तिला. आधी दाखवू. पाहिल्याशिवाय कोणी हो-नाही कसं म्हणेल?'

आणि ताई खरोखर भिंगरीला घेऊन त्या संस्थेत पाच दिवस राहिली. मला अचंबा वाटला. ती रागाने नाही म्हणू शकली असती आणि मी हात टेकले असते. पण माझी भीती तिने खरी मानली, आणि भिंगरीचं मतही खरं मानलं. परत आली तेव्हा मी विचारलं, 'काय म्हणते भिंगरी?' ताई म्हणाली, 'तिथे फर्मे नाहीत. तिच्या तोंडात शब्द घालायला मी काही तू नाही. जागा देण्याआधी तपासणीच्या बाई येणार आहेत ना? त्यांच्यादेखत विचारू.'

तपासणीच्या बाई एका मंगळवारी सकाळी आल्या. तिशीच्या, नीटस, पायांत बूट, खांद्याला जड पिशवी. स्वभावाने चांगल्या होत्या, पण हातात छापील तक्ता होता, आणि छापील तक्ता हातात आला की चांगला माणूसही रकान्यातून बघू लागतो. संस्थेत जाणार की घरी राहणार, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. भिंगरीला निर्णय घेता येत नाही असा शेरा पडला की तिचं मत बाजूला, मग अर्जदाराचं म्हणणं चालणार. अर्जदार मी.

बाईंनी पहिला रकाना वाचला. 'पूर्णपणे परावलंबी, असं लिहू ना?'

'परावलंबी म्हणजे?' ताईने विचारलं.

'जी रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून असते.'

'मग याच्यासाठीही एक कागद काढा,' माझ्याकडे बोट. 'हा रोज दुपारी इथे जेवतो, आणि ती समोर बसल्याशिवाय घास उतरत नाही. माझ्यासाठीही काढा. सुया ती ओवते, शिकंजा ती आवळते. तिच्यावर कोण अवलंबून आहे, त्याचा रकाना आहे का?'

'नाही हो, आजी.'

'मग कडेला लिहा. जागा आहे.'

बाईंनी कडेला काहीतरी लिहिलं. मग पिशवीतून चित्रांची कार्डं काढली. सफरचंद, चेंडू, घर, रडणारं मूल. 'यातलं घर दाखव बरं?' भिंगरीने सगळी कार्डं हातात घेतली, उभी धरली, टेबलावर आपटली, कडा जुळवल्या आणि गठ्ठा बाईंना परत दिला. 'ठक.' बाईंनी लिहिलं: प्रतिसाद नाही. मला हसू आवरेना. पेन आता शेवटच्या चौकटीकडे निघालं होतं. मला हवा होता तोच शेरा पडणार होता, आणि तो पडू नये असं मला वाटू लागलं होतं.

'थांबा,' ताई म्हणाली. 'तुमच्या भाषेत विचारलंत. आता तिच्या भाषेत विचारा.'

टेबलावर शाळेच्या प्रयोगवह्यांचे सहा फर्मे मांडलेले होते. बाईंच्या पिशवीत संस्थेची माहितीपत्रकं होती, वर इमारतीचा आणि बागेचा ठळक फोटो. ताईने पंधरा-वीस पत्रकं मागून घेतली आणि सातवी रास मांडली. बाईंना उलट्या फर्म्याचा अर्थ समजावला. मग म्हणाली, 'भिंगरी, चल.'

भिंगरी निघाली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सगळे सरळ. सातव्यापाशी थांबली. पत्रक उचललं, फोटोकडे पाहिलं, गर्रकन फिरवलं आणि उलटं ठेवलं. पुढची फेरी. पुन्हा उलटं. तिसरी. उलटं.

बाई म्हणाल्या, 'योगायोग असेल.'

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. बत्तीस वर्षांची खोड, ती अशी जात नाही. 'जागा बदलून पाहा,' मी म्हणालो. पत्रकं दुसऱ्या आणि तिसऱ्या राशीच्या मध्ये ठेवली. भिंगरीने तिथेही उलटंच ठेवलं. 'आता दुसरं पत्रक ठेवा, त्याच मापाचं.' बाईंकडे डोळे तपासणीची पत्रकं होती. ती मांडली. भिंगरीने ती सरळ ठेवली, एकामागून एक, पाच वेळा. पुन्हा संस्थेचं ठेवलं. यावेळी तिने ते गठ्ठ्यात ठेवलंच नाही. ती माझ्यापर्यंत चालत आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. उलटं.

माझ्याकडे आता शंकेला जागा नव्हती. वर्गात मी याहून कमी पुराव्यावर निष्कर्ष काढलेत. आणि खरं सांगू, माझ्या विरुद्ध सिद्ध झालेल्या या गोष्टीचा मला असा अभिमान वाटला की ऊर भरून आला. हे माझ्या बहिणीचं संशोधन होतं. पंधरा दिवस नुसतं पाहून तिने जे ओळखलं, ते मला साडेतीनशे पानांत दिसलं नव्हतं.

'हे मी कुठे लिहू?' बाई हळूच म्हणाल्या.

'एरवी लोक तोंडाने नको म्हणतात ते कुठे लिहिता?' ताई म्हणाली. 'तिथेच.'

बाईंनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, 'आजी, तिला संस्था नको, हे मी मान्य करते. पण तुमच्या मागे कोण, हे मला विचारावंच लागतं. घरी राहायचं तर दुसरं एक नाव हवं. नाव नसेल तर सहा महिन्यांनी हाच कागद पुन्हा माझ्या टेबलावर येईल, आणि तेव्हा माझा इलाज नसेल.'

मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. नाव माझंच असू शकत होतं, दुसरं कोण होतं? हो म्हणायला तोंड उघडेना. मोजे आठवले. एकदा तिच्यासमोर काढलेला तो शब्द आठवला. ताई माझ्याकडे वळली नाही. तिने माझ्यावर ना भीड घातली ना ओझं टाकलं.

'याला मी विचारणार नाही,' ती बाईंना म्हणाली. 'आधी तिला विचारा, तिला हा चालेल का.'

अर्जाला लावायचे माझे फोटो मी बरोबर आणले होते. चारांची एक पट्टी. ताईने ती माझ्या खिशातून काढली, एक फोटो कापला, जाड कागदावर चिकटवला आणि सहा फर्म्यांशेजारी ठेवला. मी म्हणालो, 'ताई, हे काय चाललंय?' ती म्हणाली, 'परीक्षा. आयुष्यभर घेतल्यास, आता दे.'

भिंगरी निघाली. सहा फर्मे सरळ. मग माझा फोटो. तिने उचलला. डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. आणि फोटो आडवा केला.

'आडवा म्हणजे काय?' बाईंनी विचारलं. माझाही तोच प्रश्न होता.

'विचार करतेय,' ताई म्हणाली. 'घाई नको.'

मी पुष्कळ मुलाखती दिल्यात, पदव्यांच्या परीक्षा दिल्यात, विद्वानांच्या सभेत उभा राहिलोय. इतका घाबरलो कधीच नव्हतो. तो आडवा फोटो पाहताना मला कळलं की मला तो सरळ व्हायला हवा आहे. त्याआधी मला कशाची एवढी आस लागल्याचं आठवत नाही. तिने उलटा ठेवला असता तर तिची चूक म्हणायची सोय नव्हती. माझ्याकडे तिने नको म्हणावं अशी कारणं होती, आणि ती मी स्वतःच पुरवली होती.

भिंगरी बराच वेळ तशीच उभी राहिली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तिने फोटो सरळ केला, गठ्ठ्यावर ठेवला, गठ्ठा टेबलावर आपटला आणि कडा जुळवल्या.

'ठक,' ती म्हणाली.

मला रडू आलं. सत्तरीच्या माणसाने असं भर सकाळी, परक्या बाईंसमोर रडू नये म्हणतात. म्हणोत. मी तक्ता ओढून घेतला आणि कोणी विचारायच्या आत सही केली. बाई म्हणाल्या, 'सर, नीट विचार केलाय ना?' मी म्हणालो, 'मी नाही, तिने केलाय.'

बाई गेल्यावर ताईने टेबल पुसलं, पत्रकं बांधून ठेवली. शाबासकी वगैरे काही दिली नाही. 'उद्यापासून नऊला येत जा,' म्हणाली.

'कशाला?'

'शिकायला. मी आहे तोवर शीक. तुला तिची भाषा कुठे येते अजून? ती शिकवेल. चांगलं शिकवते, मलाही तिनेच शिकवलं.'

तेव्हापासून मी नऊला जातो. भिंगरी पुढे, मी मागे, टेबलाभोवती. मी दोन फर्मे एकदम उचलतो, ती माझ्या हातावर चापट मारते. मी घाई केली की पुढच्या गठ्ठ्यात एक फर्मा उलटा येतो आणि मी थांबून शोधतो, आता माझं काय चुकलं. बहुतेक वेळा सापडतं. कधी ताईला विचारावं लागतं. ताई खिडकीशी खुर्चीत बसून आमच्याकडे पाहते, मनगटाला पट्टा, मांडीवर एखादा फर्मा, तेहतिसावं पान वर.

परवा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो मोठा प्राध्यापक झालाय. अदबीने म्हणाला, 'सर, निवृत्तीनंतर हल्ली काय करता?' पूर्वी मी असल्या प्रश्नाला 'वाचन, चिंतन' असं काहीतरी पुटपुटायचो. यावेळी छाती काढून सांगितलं, 'भाचीच्या हाताखाली काम करतो. हात अजून कच्चा आहे, पण तिने ठेवून घेतलंय.'